गाभ्यातली जनावरं

राउशेनग्रुंडमध्ये कुणाचं काय चाललंय हे बघायला खिडकीतून डोकवावं लागत नाही, कान पुरतात. लेथची घरघर ऐकू आली म्हणजे लाकडाचं कडं कातलं जातंय. घरघर थांबून टक् टक् सुरू झाली म्हणजे कडं फोडलं जातंय. दोन्ही ऐकू येत नसेल तर घरातली माणसं एक तर जेवतायत, नाही तर त्यांचा धंदा बसलाय. हेन्रिके उलिगच्या घरातून त्या वर्षी घरघर पोटभर यायची आणि त्या मानानं टक् टक् कमी. कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं. पण आमच्या गावात उन्हाळा सरला की जो तो आपापल्या लाकडी जनावरांत मान घालून बसतो, शेजाऱ्याची टक् टक् मोजायला वेळ कुणाला?

कड्याचं काम असं असतं. तळ्यात भिजत ठेवलेल्या स्प्रूसच्या ओंडक्याची चकती लेथला लावायची, एका बाजूनं कातायची, मग उलटी करून दुसऱ्या बाजूनं. मधला गाभा सुटून पडतो तो चुलीत जातो. हातात राहतं ते एक खाचाखोचांचं ओलं कडं, बघणाऱ्याला त्यातून काही म्हणजे काही समजत नाही. त्यावर पटाशी टेकवून मोगरी हाणली की केकसारखी फाक सुटते आणि त्या फाकेवर जनावर उभं असतं, बाजूनं पाहिलेलं, पाय, पोट, पाठ, मान सगळं. पुढची फाक काढली की पुन्हा तेच जनावर. एका कड्यातून कळपच्या कळप निघतो. पण फोडेपर्यंत ते कातणाऱ्यालाही दिसत नाही. हाताला कळतं तेवढंच कळतं.

उलिगांच्या कड्यात मेंढी असायची. हेन्रिकेच्या आजोबांनी ती बसवली, तिचे वडील गोटहोल्ड जन्मभर तीच कातत आले. ज्यांच्या घरी नाताळात येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा मांडतात ते लोक दर वर्षी कळपात एक नवी मेंढी आणतात. आजीनं लग्नाच्या वर्षी घेतलेली आणि नातीनं काल घेतलेली, दोघी शेजारी उभ्या राहतात आणि ओळखू येता कामा नये की कोण कुठली. उलिगांच्या मेंढीची सगळी पत त्यातच होती. ती बदलली नव्हती.

हेन्रिकेच्या डोक्यात मात्र मेंढी सोडून सगळं काही होतं. भाजी चिरताना तिला बिज्जूचं ढुंगण सुचे, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना बगळ्याची मान. सुचलं की ते हातात आल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि अर्धंमुर्धं हातात आलं की दुसरं काही सुचलेलं असे. आदल्या वर्षी तिनं ऐन दिवसांत पाणमांजर करायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही आणि मेंढ्या न्यूर्नबर्गला पोचल्या तेव्हा नाताळचा बाजार अर्धा उठला होता. त्यांचा सगळा माल घेणाऱ्या वेनर्टबाई फोनवर आवाज न चढवता म्हणाल्या होत्या, "फ्राउ उलिग, तुमचं पाणमांजर गोड असेल. पण माझ्याकडे येणारी माणसं मेंढी मागतात. आणखी एकदा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

वेनर्टबाईंची मागणी गेली असती तर नुसता धंदा गेला नसता. टोर्स्टन गेला असता. हेन्रिकेचा नवरा कित्येक वर्षं बव्हेरियातल्या स्क्रूच्या कारखान्यात होता. रविवारी दुपारी गावातल्या आणखी तिघांबरोबर एका गाडीत बसून जायचा, शुक्रवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी छपराचं काय गळतंय ते बघायचा. त्यांची मुलगी मारिट, आता परगावी असते, लहानपणी घराचं चित्र काढायची त्यात बाप नेहमी गाडीतच बसलेला असे. वेनर्टबाईंनी मागणी वाढवली तेव्हा कुठे तो ती नोकरी सोडून घरी आला, चाळिशी उलटल्यावर सासऱ्याच्या हाताखाली फाका तासायला, कान चिकटवायला, रंगवायला शिकला. बोटं त्याची जाड, पण हात हलका. दुपारच्या कॉफीला नवरा समोर बसलेला असतो या गोष्टीची हेन्रिकेला अजूनही सवय झाली नव्हती. मधेच ती त्याच्याकडे बघत राहायची आणि तो म्हणायचा, "काय, मिशीला केक लागलाय का?"

म्हणून मे महिन्यात एका दुपारी, उकडलेले बटाटे, दह्याचा चक्का आणि जवसाचं तेल पानात असताना, तिनं आपणहून शब्द दिला. "यंदा नाताळापर्यंत फक्त मेंढी. दुसऱ्या जनावराचं नाव काढणार नाही."

"लिहून देऊ नकोस हं," टोर्स्टन म्हणाला. "मग तुला कागदावर चित्र काढायची हुक्की येईल."

"मी गमतीत बोलत नाहीये."

"माहितेय." त्यानं तिच्या ताटात आणखी एक बटाटा ठेवला. "मला पुन्हा त्या गाडीत बसायचं नाही हेनी. बस एवढंच."

गोटहोल्ड म्हातारा चुलीपाशी खुर्चीत होता. त्यानं तेलात पाव बुडवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "फक्त मेंढी! जसं काही आमच्या वेळेला हत्ती कातायची परवानगी होती."

जून सरळ गेला. जुलैत तिला कोंडल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी चकती लावायची, पाठ, मान, पोट, पाय, उलटी करायची, कडं सोडवायचं, पुढची चकती. हातांना मेंढी इतकी पाठ होती की डोक्याला करायला काही उरत नसे, आणि रिकामं डोकं हेन्रिकेला सोसत नसे. तिला रडू यायचं, मधेच, काही कारण नसताना, लेथच्या आवाजात. ती स्वतःला रागवायची. बाई ग, नवरा घरी आहे, भाकरी पानात आहे, तुला आणखी हवंय तरी काय? पण आपणच आपल्याला असं विचारलं तर उत्तर कधी मिळतं का? दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन होतं, आणि तिला वाटायचं की आपल्यालाच कुणी ओल्या लाकडात कातून ठेवलंय.

अशातच एके दिवशी कडं सुटलं आणि गाभा टोपलीत पडायच्या ऐवजी तिच्या हातात राहिला.

चांगला तळहाताएवढा गाभा. ओला, दाट रेषांचा. चुलीतच तर जायचा होता. तिनं दाराकडे पाहिलं. टोर्स्टन पलीकडच्या खोलीत रंगवत होता, रेडिओ चालू होता. तिनं गाभा पुन्हा लेथला लावला. शब्द दिला होता तो मेंढीच्या लाकडाबद्दल, जळणाबद्दल थोडाच होता? अशी पळवाट माणसाला किती झटकन सापडते. पाच-सहा मिनिटांत त्या गाभ्याचं लहानसं कडं झालं आणि त्यात, तिच्या हातांच्या हिशेबानं, एक बगळा होता.

फोडायचं मात्र धाडस झालं नाही. घरघर मेंढीचीही असू शकते, पण लहान कड्यावर मोगरी निराळी वाजते, टोर्स्टनच्या नाही तरी म्हाताऱ्याच्या कानाला ते लगेच कळलं असतं. तिनं ते कडं एप्रनखाली घेतलं आणि मागल्या अंगणात सशांचं रिकामं खुराडं होतं त्यात, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं. त्या दुपारी तिनं कातलेल्या मेंढ्या फार सुरेख उतरल्या. ती गुणगुणत होती. टोर्स्टनलाही बरं वाटलं.

मग ते नेमाचंच झालं. बगळ्यानंतर बिज्जू, बिज्जूनंतर पाणमांजर, पुन्हा नव्यानं, आता नक्की जमेल असं. मग कोल्हा, घोरपडीसारखं काहीतरी, पंख मिटलेलं घुबड. एकही तिनं फोडून पाहिलेलं नव्हतं. पण झोपताना ती त्यांची उजळणी करायची. त्या न फोडलेल्या कड्यांमध्ये ती सगळी जनावरं बिनचूक होती, गावात कुणी केली नसतील इतकी. नाताळ झाला की सगळी एकदम फोडायची आणि टेबलावर मांडायची आणि टोर्स्टनला हाक मारायची. या एका विचारावर तिनं ऑगस्ट काढला, सप्टेंबर काढला.

चुलीची तक्रार सुरू झाली ती सप्टेंबरातच. चूल पेटती ठेवणं हे गोटहोल्डचं काम, आणि गाभे कमी येत होते.

"काय ग पोरी, गाभे कुठे जातात?"

"लाकूड मधे किडकं निघतंय बाबा. बाहेर टाकते."

"किडकं?" म्हातारा म्हणाला. "तळ्यात भिजवलेलं लाकूड मधे किडलं? माझ्या उभ्या जन्मात नाही पाहिलं."

"आता हवामान बदललंय."

"हवामान," म्हातारा म्हणाला आणि शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

आता खरी गोष्ट अशी की लहान गाभ्यात मोठं जनावर बसत नाही. कोल्ह्याला शेपूट हवं, शेपटाला जागा हवी. मेंढीचं कडं जरा अरुंद सोडवलं, केसभर, तर गाभा केसभर मोठा मिळतो. मेंढीचं डोकं कड्याच्या बाहेरच्या अंगाला असतं आणि शेपूट गाभ्याकडे. केसभरानं मेंढीचं काय जातंय? काही जात नाही. आणि कड्याचं काम करणारा माणूस पट्टी लावून मोजत नाही, आमच्यात ते कमीपणाचं समजतात. हाताला कालचं कडं आठवतं, त्याबरहुकूम आजचं. मात्र कालचं कडंही केसभर अरुंद होतं, हे हात सांगत नाही.

पहिला माल सप्टेंबरात वेळेवर गेला. वेनर्टबाईंनी स्वतः फोन करून आभार मानले. मोठा माल नोव्हेंबरच्या मध्याला गेला, तोही वेळेवर. टोर्स्टननं खोकी गाडीत चढवली आणि घरात येऊन हेन्रिकेला उचलून गोल फिरवलं. म्हातारा म्हणाला, "लेथवर पडाल दोघं." खिडकीत ठेवायची दिव्यांची कमान टोर्स्टननं त्याच संध्याकाळी माळ्यावरून काढून पुसून ठेवली, नाताळाआधीच्या अॅडव्हेंटला अजून अवकाश असताना.

चार दिवसांनी वेनर्टबाईंचा फोन आला. हेन्रिके लेथवर होती, फोन टोर्स्टननं घेतला. लेथच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. तो नुसता उभा राहून ऐकत होता एवढं काचेतून दिसलं. फोन ठेवून तो त्याच्या खोलीत गेला आणि मग बराच वेळ रेडिओ बंद होता.

तिनं लेथ थांबवला आणि आत गेली.

टोर्स्टनची एक पद्धत होती. प्रत्येक आठवड्याच्या मालातली एक रंगवलेली मेंढी तो बाजूला ठेवायचा, पुढच्या आठवड्याचा पांढरा रंग तिच्याशी जुळवून बघायला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या सगळ्या जमा होत असत. आता तो डबा उघडा होता आणि त्यानं त्या मेंढ्या खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडल्या होत्या. डाव्या हाताला जूनची. उजव्या हाताला परवाची.

कुणी काही सांगायची गरज नव्हती. शेजारशेजारच्या कुठल्याही दोन घेतल्या तर सारख्या. पण ओळीवरून नजर फिरवली की कळप शेपटाकडून तोकडा होत होत गेलेला. जूनची मेंढी चारी पायांवर निवांत उभी होती. शेवटचीचे मागचे पाय पोटाखाली सरकले होते, जणू कुणी मागून ढकललंय.

"बाई म्हणाल्या, लोक घरून आपली मेंढी खिशात घालून आणतात, नवी तिच्याशी लावून बघतात," टोर्स्टन म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता. "तीन जणांनी परत दिली. मग बाईंनी सगळी खोकी उघडली."

हेन्रिके एप्रनला हात पुसत राहिली.

"मी रंगवल्या या. माझ्या हातातून गेल्या सगळ्या. मला दिसलं नाही." तो जूनची मेंढी उचलून बघत होता. "हातानं चूक केली असती तर एखादी लांब झाली असती, एखादी आखूड. ही एकाच बाजूनं चालत गेलीय हेनी. कुठे?"

गोटहोल्ड काठी टेकत आला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डोळे फळीजवळ नेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा कळप बघितला. मग म्हणाला, "गाभा."

बस, एकच शब्द. हेन्रिकेला वाटलं जमीन दुभंगावी. लहानपणी लपवलेली बोरं खिशातून सांडावीत तसं तोंड करून ती उभी राहिली, आणि मग बोलली, कारण न बोलणं आता आणखी लाजिरवाणं झालं असतं. "खुराड्यात आहेत."

टोर्स्टननं पोतं आत आणलं आणि कामाच्या टेबलावर ओतलं. लहान लहान कडी, एकावर एक. तो मोजत नव्हता, तरी बघत राहिला. "एवढी?" तो म्हणाला. मग त्यानं भिंतीवरची पटाशी काढली.

"आत्ता नको," ती पटकन म्हणाली.

"का? बघू तर दे, माझ्या मेंढ्या कुणी खाल्ल्या."

"टोर्स्टन, नको ना. तुझ्या पाया... मी पुन्हा करते सगळं, मेंढ्या, रोज, पण ती नको फोडूस."

आपण काय बोलतोय हे बोलताना तिलाच ऐकू आलं. त्यालाही आलं. त्यानं पटाशी खाली ठेवली नाही, पण मोगरी तिच्या हातात दिली. "मग तू फोड."

पहिलं कडं बगळ्याचं. टक्. फाक सुटली आणि सुटतानाच चोच तुटून टेबलाखाली गेली. दुसरी फाक, पुन्हा चोच तुटली. लाकडाच्या रेषा उभ्या आणि चोच आडवी, तुटणारच. हे शिकाऊ पोरालाही कळतं, तिला त्या दिवशी सुचण्याच्या भरात आठवलं नव्हतं. दुसरं बिज्जूचं. तोंड छान होतं, नाकावरचा उतार अगदी खरा, पण पोटाच्या पुढे काहीच नाही, सरळ कापून सोडलेलं. पाणमांजर म्हणजे पावाची लादी. घुबडाला पाय होते चार. हे बघून म्हाताऱ्याला खोकला आला की हसू ते कळलं नाही.

ती फोडत गेली. प्रत्येकात पुढचं अंग कुठे ना कुठे चांगलं होतं आणि मागचं नव्हतं. मागच्या पायांशी पोचेपर्यंत पुढचं जनावर डोक्यात शिरलेलं असायचं, दुसरं काय. पाच महिने ती समजत होती की मेंढीनं आपल्याला कोंडून ठेवलंय, नाही तर काय काय केलं असतं. आता ते काय काय टेबलावर पडलं होतं. मेंढीवर राग काढायचीही सोय उरली नाही. याहून कोंडलेलं तिला कधी वाटलं नव्हतं, लेथपाशी तर नाहीच नाही. ती मोगरी हातात घेऊन रडायला लागली, आणि या वेळेला लेथ बंद होता, तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं.

म्हातारा खुर्चीत बसला. "मला मेंढी कधीच आवडली नाही," तो म्हणाला. "घोडा करायचा होता."

हेन्रिकेनं डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. "मग का नाही केलात?"

"मेंढ्या कुणी केल्या असत्या?"

त्याला यावर आणखी काही म्हणायचं असेल म्हणून दोघं थांबले, पण तो टेबलावरच्या फाका गोळा करून चुलीच्या टोपलीत टाकायला लागला होता. बगळे, बिज्जू, चार पायांची घुबडं. टोर्स्टननं त्याचा हात अडवून त्यातली एक फाक काढून घेतली आणि खिडकीशी नेली. कोल्हा होता. अंगठ्याहून लहान, नाक जमिनीला लावून निघालेला. पाठीची रेघ नाकापासून शेपटापर्यंत एका दमात आलेली. मागचे पाय मात्र सुटले नव्हते, खाली लाकडाचा नुसता ठोकळा.

"हा वाईट नाही," टोर्स्टन म्हणाला.

आणि हेन्रिके, नाक ओढत, लाल डोळ्यांनी, काय म्हणाली असेल? "त्याच्यापेक्षा रानमांजर बरं होईल. ते कानांवर तुरेवालं असतं ना, त्याची पाठ..."

तिनं जीभ चावली. टोर्स्टन तिच्याकडे बघत राहिला. त्याला हसू आलं, पण ते चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही.

वेनर्टबाई माणूस वाईट नव्हत्या. पहिला माल त्यांनी ठेवून घेतला, दुसऱ्यातलं जुळेल तेवढं निवडून घेतलं, बाकी खोकी परत पाठवली. पुऱ्या लांबीच्या मेंढ्या जेवढ्या येतील तेवढ्या त्या नाताळापर्यंत घेणार होत्या. पुढच्या वर्षाचं वसंतात बघू म्हणाल्या. म्हाताऱ्यानं तोकड्या मेंढ्या कोकरं म्हणून विकायची तोड सुचवली, ती टोर्स्टननं एका वाक्यात मोडली. "तोंड म्हातारीचं आणि ढुंगण कोकराचं, कोण घेईल?"

हिवाळा काढायला ते पुरणार नव्हतं हे तिघांनाही ठाऊक होतं. शनिवारी टोर्स्टननं कारखान्यात जुन्या मुकादमाला फोन केला. ईस्टरपर्यंत जागा होती.

रविवारी दुपारी तीच गाडी दाराशी आली, आत तेच तिघं, फक्त केस विरळ झालेले. हेन्रिकेनं पिशवीत सॉसेज, पाव आणि लोकरीचे मोजे भरले. तिच्या मनात हजार गोष्टी होत्या, माफीच्याच सगळ्या, पण शब्द देऊन ठेवण्याची तिची पत आता उरली नव्हती आणि त्यानंही मागितला नाही. जूनची मेंढी त्यानं लेथच्या वरच्या खिळ्याला दोऱ्यानं टांगून ठेवली होती, अगदी डोळ्यांसमोर. "हिच्याशी लाव दर कड्याला," एवढंच म्हणाला. गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून हात बाहेर आला, पूर्वी यायचा तसाच.

मग तो आठवडा. तळ्याला कडेनं बर्फ धरायला लागलं होतं, ओंडके हूक लावून ओढून काढावे लागत. हेन्रिकेनं मेंढ्या कातल्या. प्रत्येक कडं सोडवण्याआधी पटाशी थांबवून ती वर बघायची, टांगलेली मेंढी दोऱ्यावर हळूहळू गोल फिरत असायची. मग कड्यावर मोगरी. टक् टक् दिवसभर रस्त्यावर ऐकू जाई. गाभा सुटला की ती तो हातातही न घेता पायानं टोपलीत लोटायची, कारण हातात घेतला असता तर काय झालं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. टोपली भरत होती. चूल ढणढणत होती. म्हाताऱ्यानं शाल काढून ठेवली आणि म्हणाला, "बघ, आता नाही किडत लाकूड." तिनं पुढची चकती लावली. दुपारच्या कॉफीला तिनं त्याच्या आणि आपल्या पुढ्यात कप ठेवले, तिसरा चुकून काढला होता तो परत कपाटात ठेवला. बुधवारी रानमांजराची पाठ तिला इतकी स्पष्ट दिसली की तिनं लेथ बंद केला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ते दिसायचं थांबेपर्यंत स्टुलावर बसून राहिली.

शुक्रवारी अंधार पडल्यावर गाडी आली. गावात खिडक्यांतून दिव्यांच्या कमानी लागल्या होत्या, उलिगांचीही लागली होती. टोर्स्टन आत आला आणि कोट न काढता सरळ चुलीपाशी गेला, टोपलीवर वाकला. वरचे गाभे बाजूला सारून खालचे पाहिले. सगळे कोरेच होते. मग त्यानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोट काढला आणि हेन्रिकेला जवळ घेतलं. त्याच्या अंगाला त्या कारखान्याच्या तेलाचा वास येत होता. तो वास ती विसरली होती असं तिला वाटायचं.

जेवणं झाल्यावर त्यानं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी खिशातून काढून टेबलावर ठेवलं. कोल्हा. मागचे पाय आता सुटले होते, एक पुढे, एक मागे, निघालेल्या कोल्ह्याचे असतात तसे. ठोकळ्यातून ते पाय मोकळे करायला कारखान्याच्या वसतिगृहातल्या खोलीत त्यानं आठवडाभर संध्याकाळी दुसरं काही केलं नसणार. एके ठिकाणी सुरी निसटली असावी, अंगठ्याला पट्टी होती.

"चालतोय बघ," तो म्हणाला, आणि जरा लाजला. "याचं पुढे काय करायचं होतं तुझ्या डोक्यात?"

हेन्रिकेनं कोल्हा उचलून दिव्यापाशी धरला. खरं सांगायचं तर कोल्ह्याचा तिला केव्हाच कंटाळा आला होता. तिच्या डोक्यात त्या वेळी रानमांजर होतं, पाठीसकट, तुऱ्यांसकट, आता लेथपाशी गेली असती तर दहा मिनिटांत हातात आलं असतं. टोर्स्टन पट्टी बांधलेला अंगठा चोळत वाट बघत होता. रविवारी दुपारी गाडी पुन्हा येणार होती.

"कान," ती म्हणाली. "कान राहिलेत."

तिनं ड्रॉवरमधून बारीक सुरी काढली, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि डाव्या कानापासून सुरुवात केली.